पिठल्याचं द्रावण

साडीला घालायची खळ शिजताना वास आला, की मला बारावीतली कोल्हारच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. स्टार्चचं कलिल द्रावण, म्हणजे कण तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतील असं, करायचं होतं. मी पावडर थेट उकळत्या पाण्यात टाकली आणि बीकरभर गुठळ्या झाल्या. शेजारी माझ्या मैत्रिणीनं ती आधी चमचाभर गार पाण्यात कालवली, मग बारीक धारेनं उकळत्या पाण्यात सोडत ती ढवळत राहिली. मॅडमनी खिडक्या लावून तिच्या बीकरवर मोबाईलचा टॉर्च धरला, तर उजेडाची दुधी रेघ आरपार उमटली, म्हणजे द्रावण अगदी बरोबर जमलं होतं. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. "कुठं शिकलीस गं?" मॅडमनी विचारलं. "त्यात काय शिकायचं मॅडम, आमी पिठलं असंच करतो," ती हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पहिला नंबर यावा म्हणून आई मला गॅसजवळ फिरकू देत नसे, आणि हिला मात्र गॅसजवळच सगळं मिळालेलं! आता माझ्याही पिठल्यात गुठळी होत नाही. "तुझ्या आईची चव आलीय तुझ्या हाताला," नवरा कौतुकानं म्हणतो. आईची कसली! पण खरं नाव अजून काही माझ्या तोंडून निघत नाही.