घाटंजीच्या बाजारात भोंग्यावर रडली ती गोष्ट

आमचं रडणं लोकाइले गाणं वाटते, याचा मले अजूनही संताप येते. आमच्या बंजारा तांड्यातली बाई रडते ते सुरातच, मनातली एकेक गोष्ट सांगत. अन् ते ऐकलं की नात्यातल्या बाईनं हातचं काम टाकून यावं, गळ्यात पडावं, तिच्यासंगं रडावं, हा आमचा रिवाज.

साठ सालाच्या आसपास माझी माय मेली. माहेर आर्णीच्या वाटेवर, पण सासू म्हणे, "कापूस वेचाचा पडला हाये. तुले कायले धाडू? गेलेलं मानूस वापस येते काय?" नवऱ्याची तं त्याच्या मायसमोर दातखिळीच बसे. महिना झाला, मी कोणाच्या गळ्यात पडून रडली नव्हती.

मंग आम्ही दोघं घाटंजीच्या बाजारात गेलतो. एका कापडवाल्यानं गिऱ्हाईक जमवाले बॅटरीवरचा भोंगा आणलता. तो नवऱ्याले म्हणे, "तांड्याच्या बाया मस्त गातात. हिले म्हणा, होऊन जाऊ दे एक ठसकेदार!" नवरा लगेच मले म्हणे, "म्हन नं!" आता बरं तोंड उघडलं बुवाचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाणं पाहिजे का? घ्या मंग.

भोंग्याचा माइक तोंडाशी धरला, डोळे मिटले अन् मायले हाक मारली. माये, तुह्या तोंडात पाणी घालाले मले येऊ नाही दिलं वं! सासूचं, नवऱ्याचं, सारं सुरात सांगतलं. आमची बोली लोकाइले काय समजते! मुंड्या हालवून राह्यले होते. एक म्हणे, "वाहवा! आणखी एक!" जळो मेली तुमची वाहवा!

तेवढ्यात मिरच्या विकून राह्यलेली माझी मावशी धावत आली. मागून मायच्या तांड्यातल्या तिघीचौघी, टोपल्या तशाच टाकून. गळ्यात पडल्या, अन् साऱ्या भोंग्यापुढंच रडलो. कापडवाला ओरडे, "अवो, हे काय लावलं? गिऱ्हाईक पळून राह्यलं!" त्यानं भोंगा बंद केला. आम्ही नाही झालो.

नवऱ्यानं हात धरला. "चल घरी, इज्जत घालवली!"

म्या हात हिसडला. "माय मेली तवा कुठं गेलती तुही इज्जत?" अन् मावशीच्या बैलगाडीत बसली.

माहेरी पोचली तं बाप दारातच होता. "कोनं धाडलं, बाई?"

"कोनी नाही, बा. मीच आली."

आमच्यात बाप्या माणसानं सुरात रडाचं नसते. तो मायच्या खाटेजवळ जाऊन बसला अन् म्हणे, "माह्याही वाट्याचं रड, बाई."