बर्फातलं पोटॅशियम

"ती बाई तुला टेबलावर नकोच असेल तर तसं सरळ सांग ना!" आमचा सर्जन कामेरकर फोनवर ओरडत होता. "बेंबीचा साधा हर्निया आहे. दोनदा तारीख रद्द केलीस. आता तिसऱ्यांदा?"

"पोटॅशियम सहा पॉइंट दोन आहे," मीही आवाज चढवला. "टेबलावर काही झालं तर तू निस्तरणार आहेस का?"

मी भूलतज्ज्ञ. बोरिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये बावीस वर्षं भूल देते आहे. ऑपरेशनआधी पेशंटला 'फिटनेस' द्यायचा की नाही, हे मी ठरवते. पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. तो साडेतीन ते पाचच्या आसपास असावा लागतो. सहाच्या वर गेला तर भूल देताना हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ऑपरेशन तातडीचं नसेल तर ते पुढे ढकलतात.

पण सुनंदाताईंना पुढे ढकलणं परवडणारं नव्हतं. त्या खाडीपलीकडच्या मनोरीच्या, मासळी विकणाऱ्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेवढाच त्यांच्या डोक्याला टोपलीपासून आराम. हर्नियानंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही. म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत ऑपरेशन झालं, तरच ऑगस्टमध्ये टोपली उचलता येणार. आणि आम्ही जूनचा शेवटचा आठवडा गाठला होता.

पहिला रिपोर्ट सहा पॉइंट एक. मी लिहिलं, रिपीट. दुसरा सहा पॉइंट तीन. रिपोर्ट बाहेरच्या लॅबचे होते; मी तिथे फोन केला. नळीत रक्तपेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. "नाही मॅडम, सॅम्पल एकदम स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग मी किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सोनोग्राफी सांगितली. सोनोग्राफी नॉर्मल. मग हृदयाचा टूडी इको. तोही नॉर्मल. ईसीजी आधीच नॉर्मल होता. तरी त्यांनी पोटॅशियम उतरवायची पावडर दिली आणि पुन्हा रक्त. सहा पॉइंट दोन.

सगळं नॉर्मल आणि एकच आकडा वेडा. खरं तर इथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी सगळं कागदावर बघत होते आणि कागदावरच 'पोस्टपोन' लिहीत होते.

शेवटी नवरा-बायको फाइल घेऊन थेट माझ्यासमोर येऊन बसले.

"मॅडम, खरं काय ते सांगा," सुनंदाताई म्हणाल्या. "माझी किडनी गेली काय? शहाळं बंद, केळी बंद, टोमॅटो बंद. पोरीला मी दागिने कुठे ठेवलेत ते पण सांगून ठेवलंय."

मी फाइल उघडली. तेवढ्यात त्यांचे यजमान जयवंतराव उसळले. "आणि पुन्हा रक्त द्या म्हणू नका! दरवेळी किती सांभाळून आणतो आम्ही. बर्फातून आणतो."

"कशातून?"

"बर्फातून. गावातली सिस्टर सहाला रक्त काढते. मी सातची बोट धरतो. चार-पाच गिऱ्हाइकांना खाडीची कोळंबी घरपोच देतो आणि बाराला लॅब. तोवर बाटल्या कोळंबीच्या खोक्यात, बर्फावर. वेगळ्या पिशवीत हां, वास नको लागायला."

"पण बर्फात का?"

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "ताजं राहायला. मासळी नाय ठेवत?"

रक्त तासन् तास बर्फात राहिलं की पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे सॅम्पल स्वच्छ दिसतं. वाढलेलं पोटॅशियम बाईंच्या अंगात नव्हतंच. ते नळीत होतं.

मी तिथेच रक्त काढलं आणि स्वतः खाली आमच्या लॅबमध्ये नेऊन दिलं. तासाभरात रिपोर्ट आला. चार पॉइंट तीन.

सुनंदाताई आधी रडल्या, मग भडकल्या. "म्हणजे तीन आठवडे मी शहाळं उगाच सोडलं?"

मला एवढा संताप आला होता, पण तो काढायचा कोणावर? सिस्टरने बाटल्या दिल्या, लॅबने घेतल्या, किडनीवाल्यांनी आलेल्या रिपोर्टवर सल्ला दिला. आणि तीनदा ऑपरेशन अडवणाऱ्या मी, रक्त कसं आलं हे एकदाही विचारलं नव्हतं. चूक माझी होती आणि मी तिथेच माफी मागितली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. पाऊण तास लागला, काहीही झालं नाही. तपासण्यांचा खर्च मात्र ऑपरेशनच्या निम्म्यावर गेला होता, आणि तो बाईंनी घरी बसायच्या दोन महिन्यांसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून गेला. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या तेव्हा सहा आठवड्यांना दहा दिवस कमी होते. त्या थांबल्या नाहीत. टाके टिकले, हे आमचं नशीब.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं, फिटनेसच्या फॉर्मवर एक ओळ छापा: रक्त कुठे काढलं, कसं आणलं? मॅनेजमेंटने माना डोलावल्या आणि महिन्याभरात नवा नियम काढला. बाहेरचे रिपोर्ट चालणार नाहीत, सगळ्या तपासण्या आमच्याच लॅबमध्ये पुन्हा करायच्या.

मी तो प्रश्न आता प्रत्येकाला तोंडी विचारते. विचारायला एक पैसा पडत नाही, आणि विचारून एक पैसा मिळतही नाही. फॉर्मवर तो अजून छापलेला नाही, त्याचं कारणही बहुधा तेच.