दाराखालचं पाणी
जळक्या ऑइलचा वास आला की बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग आठवतं. पावसाळ्यात दर रविवारी शेजाऱ्याची जीप चिखलात लोळून यायची आणि तो लगेच पाइप लावून चाकांमागचा चिखल काढायचा, वाळल्यावर गंज चढू नये म्हणून तिच्या पोटाला जळकं ऑइल फासायचा, दारांखालच्या बारीक भोकांत खराट्याची काडी घालून आत साचलेलं पाणी सोडायचा. माझी बायको गॅलरीतून त्याला विचारायची, "आज कुठे गेला होतात?" तिच्या आवाजातली ती हौस मला सोसत नसे. सडू दे एकदाची ती जीप, असं मी मनात म्हणायचो. माझी गाडी मालाडच्या ऑफिसपलीकडे कधी गेलीच नव्हती; आली की मी ती ओलीच कव्हरखाली झाकायचो. एकदा मी कव्हर काढत होतो, तेव्हा तो काडी घेऊन सहज माझ्या गाडीच्या दाराशी वाकला. भोक मोकळं होताच तांबूस, गंजकं पाणी भळाभळा वाहिलं. "एवढ्या पाण्यात कुठे घातली होतीस रे?" त्याने अगदी कौतुकाने विचारलं. मी वर पाहिलं, तर बायको कठड्यावरून वाकून हसत होती. माझी ती गाडी गंजून केव्हाच भंगारात गेली. मी घरी आलो की कुठे गेला होतास, असं बायको आजही विचारत नाही. तिला माहीत असतं.