बाकीच्यांनी बाहेर चहा प्या

टक्, टक्, टक्. प्लायवूडच्या भिंतीवर पेनाच्या टोपणाचे ठोके आणि मागोमाग तो खणखणीत आवाज: "बाकीच्यांनी बाहेर चहा प्या!"

महाडच्या कोर्टाबाहेर तुम्ही कधी ताटकळला असाल, तर हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं असेल. कदाचित त्या 'बाकीच्यां'त तुम्हीही असाल. कारण आमच्या वकीलबाईंकडे घटस्फोटासाठी कुठलीच बाई एकटी येत नसे. वडील, भाऊ, मामा, वाडीतला एखादा जाणता, असा सगळा लवाजमा बरोबर. बोलायचं तेही त्यांनीच. "हिचं म्हणणं असं हाय की..." आणि जिचं म्हणणं, ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प. बाई सगळ्यांना पाणी देत, मग दाराकडे बोट करत. कुणी कुरकुरलं, "आवो, बाप हाय मी तिचा," तर म्हणत, "म्हणून तर तुम्हाला आल्याचा. समोरच मिळतो. सावकाश प्या."

भिंतीवरचे ठोके मात्र आमच्यासाठी असत. एकाच खोलीचे दोन भाग केलेले. एकात बाईंचं ऑफिस, दुसऱ्यात आमच्या संघटनेचं कार्यालय, म्हणजे एक टेबल आणि पत्रकांचे गठ्ठे. प्लायवूडमधून सगळं ऐकू येई. बाईंना ते ठाऊक होतं. "पत्रकवाले, तुम्हीसुद्धा!" की आम्हीही मुकाट चपला घालून बाहेर.

तेव्हा बंद दाराआड बाई काय करत, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना ओळखलं ते चहाच्या टपरीवरून.

टपरीसमोर एक बाकडं होतं. एकदा मुलीचे वडील त्याच्या एका टोकाला आणि मुलाचे वडील दुसऱ्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मुलीचे वडील तावातावाने उठले, बाकडं उलटलं आणि व्याही गडगडत खाली आले. मुलीच्या वडिलांनीच वाकून त्यांना उचललं, धोतर झटकलं. "लागला का हो?" "नाय, नाय. तुमचा च्या सांडला पन." पुढे आतली दोघं कायमची वेगळी झाली. हे दोघे म्हातारे मात्र टपरीवर भेटत राहिले, कोर्टाची तारीख नसली तरी.

मी पत्रकांवर वाढलेली. चवदार तळ्याच्या कडेला वडिलांबरोबर पत्रकं वाटता वाटताच मला अक्षरं लागली. त्यामुळे बाईंच्या दाराशी येणाऱ्या बायका बघून माझं रक्त उसळायचं. मी एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि पहिलं त्यांनाच नेऊन दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकाशी धरून सगळं वाचलं.

"छान आहे. पण यात महिला पुष्कळ आहेत गं, बाई एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला काय हवंय, ते कुठे लिहिलंयस?"

"न्याय हवाय!"

"तो तुला हवाय. तिला कदाचित शिलाईचं मशीन हवं असेल. विचारलंस?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी टपरीवर उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, विचारायला हवं होतं.

बाई स्वतः कुणाच्या, लग्न झालेलं की मोडलेलं, हे बाजारपेठेत कुणालाच माहीत नव्हतं. न राहवून मी एकदा विचारलं. त्या हसल्या. "तू बाहेर चहा पी." त्या स्वतः मात्र टपरीचा चहा कधी प्यायल्या नाहीत. पित्त होतं म्हणे.

मग वनिता आली.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली. नवरा मुंबईत दुसरीबरोबर राहत होता आणि आता तिच्याशी लग्न लावणार होता. वनिता मुलाला घेऊन सासरच्या घरी, सासूबरोबर. गावच्या मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेल्या गावकऱ्यांनी, निकाल लावून टाकलेला: सोडचिठ्ठीवर हिने सही करायची आणि माहेरी जायचं. स्टॅम्पपेपर टाईप करून तयार. तो घेऊन मंडळाचा सेक्रेटरी आला होता, गॉगल डोक्यावर. सोबत वनिताचे वडील.

"मॅटर सेटल हाय मॅडम. तुमचा फक्त शिक्का पायजेल."

"माझ्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. या कागदाने तर नाहीच. ते कोर्टात मोडतं."

"आमच्याकडं असाच चालतंय."

"चालत असेल, टिकत नाही. त्याने उद्या दुसरी केली, की पहिली घरात नाही आणि दुसरी कायद्यात नाही." टक्, टक्, टक्. "बाकीच्यांनी बाहेर चहा प्या!"

टपरीवर मी सेक्रेटरीच्या हातात माझं पत्रक ठेवलं. त्याने त्याची घडी केली आणि गरम ग्लासाखाली धरली. वडील बाकड्यावर बसेनात. बऱ्याच वेळाने वनिता रस्ता ओलांडून आली.

"काय ठरला गो?"

"मी सय नाय करायची."

मी टाळी वाजवणार होते. वडिलांचा चेहरा उतरला. "मग नांदनार हायस त्याच्यासंगं?"

"नाय. मला पन मोडायचाय. पन ह्या चिठ्ठीत त्यानी मला टाकलंय. मी टाकलेली नाय व्हायची, बाबा. मी कोर्टात जाऊन मागनार. पोरगा माझ्याकडं, न् घरातना मी हलनार नाय." आणि टपरीवाल्याकडे वळून, "मला पन एक द्या."

सेक्रेटरी तापला. "मंडळ ऐकायचा नाय हां! शिमग्याला बैठक लावतो. तिथं बोलून दाखव."

बाई दारातूनच म्हणाल्या, "लावा की. मी येते."

शिमग्याला आम्ही एसटीने पोलादपूर गाठलं, तिथून सहा सीटर रिक्षाने वाडीवर. मी पत्रकांची पिशवी घेतलीच होती. बाईंनी बघितली. "आज उघडायची नाही. आज ती बोलणार आहे."

देवळाच्या सभामंडपात मुंबईकर खुर्च्यांवर, गाववाले सतरंजीवर, बायका पायरीशी. नवरा खाली मान घालून मोबाईलवर अंगठा फिरवत होता. अध्यक्ष म्हणाले, "वकीलबाई, मांडा तुमचा."

"माझं काही नाही. तिला विचारा."

सगळी तोंडं वनिताकडे वळली. ती उठली, खांबाला धरून उभी राहिली. तोंड उघडलं. आवाज फुटेना. मागून कुणीतरी खिदळलं, "हितं बोलता येत नाय, कोर्टात काय बोलनार!"

माझा हात पिशवीत गेला. बाईंनी मनगट घट्ट धरलं. "थांब."

वनिताने खांबावर हात आपटला. बांगड्या वाजल्या. पुन्हा आपटला. पुन्हा.

"बाकीच्यांनी भायेर च्या प्या!"

अध्यक्ष शेजारच्याकडे वळले.

"काय बोलली ही?"

"लग्न माझा न् त्याचा हाय. आमी दोघा बोलू. चला, उठा समदे." मग तिची नजर आमच्याकडे आली. थोडी घुटमळली. "बाई, तुमी पन."

सगळ्यांत आधी उठली ती सासू. "चला रे, काय बघताव? चुलीवर आधन ठेवलाय मी मगाधरना." बाई तर तोवर चपला घालत होत्या. वकीलच उठली म्हटल्यावर अध्यक्षांना बसून राहता येईना, आणि अध्यक्ष उठले म्हटल्यावर गाव उठलं. खुर्च्या ओढल्याचा तो आवाज! कुठल्याच मोर्चात माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता.

बाहेर आंब्याखाली बाईंनी माझा दंड दाबला. डोळे नुसते चमकत होते. "बघितलंस? मला बाहेर काढलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बाहेर काढलं गं!" आणि पित्तबित्त विसरून त्या सासूच्या हातचा चहा प्यायल्या. वर आणखी मागितला.

मंडप तिन्ही बाजूंनी उघडा. दिसत सगळं होतं, ऐकू काही येत नव्हतं. आधी वनिताच बोलत होती. नवऱ्याने मोबाईल खिशात ठेवला. मग रुमालाने तोंड पुसलं. मग मान हलवली.

"या आता," तिने हाक मारली.

नवराच उठून बोलला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमी दोघा मिळून कोर्टात अर्ज करतो. पोरगा तिच्याकडं ऱ्हाईल. घर तिच्या नावावर करतो, आयेसंगं तीच ऱ्हाईल."

"न् मंडळाचा काय?" सेक्रेटरी.

"मंडळानी च्या पेला ना?" सासू म्हणाली. बायकांच्या बाजूने असं हसू फुटलं की अध्यक्षांनाही हसावं लागलं.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसून बोटांनी काचेवर टक् टक् वाजवत होत्या. पिशवी माझ्या मांडीवर तशीच होती.

गेल्या थंडीत बाई गेल्या. ताप आला, पनवेलला नेलं, परत आल्या नाहीत. वकीलमंडळींनी शोकसभा घेतली, भाषणं झाली. टपरीवर वनिता आली होती, आणखीही बऱ्याच जणी होत्या. यावेळी सगळ्याजणी एकेकट्या आल्या होत्या. टपरीवाला ग्लास विसळता विसळता म्हणाला, "माझा अर्धा गिऱ्हाईक बाईंनी लावलेला."

खोलीत आता एक तरुण वकील बसतो. हुशार आहे, मन लावून ऐकतो. परवा त्याच्याकडे एक लवाजमा आला. मी पलीकडे नवं पत्रक लिहीत होते. प्लायवूडमधून मामाचा आवाज आला, भावाचा आला, मग आणखी एका जाड्या आवाजाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिचा आवाज काही येईना. वाट बघितली. येईना.

मी पेनाला टोपण लावलं. टक्, टक्, टक्.

"बाकीच्यांनी बाहेर चहा प्या!"

पलीकडे मग एक खुर्ची सरकली. मग दुसरी. मग सगळ्या.

मी पत्रक तसंच अर्धं टाकून उठले, चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग बाहेर पडले.