चेसीवरचे तीन ठोके

आधीच सांगते, आत्मा-बित्मा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, कॉलेजात फिजिक्स घेतलंय… कुणी असलं काही सांगू लागलं की मी गप्प बसते. तशी मी एरवीही गप्पच असते. पण हे मला स्वतःच्या तळहाताला जाणवलंय, म्हणून लिहितेय.

आम्ही इंदूरला स्नेहलतागंजमध्ये राहतो. बाबा कापड मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली आणि दीड वर्ष ते घरीच होते. मग देवास नाक्याजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठजींनी बोलावलं. त्यांचा नव्या मॉडेलचा ट्रक वीसेक मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. संध्याकाळपर्यंत चालवून दाखवा, वर्कशॉपमध्ये कायमची नोकरी, असं ठरलं. बाबा अठ्ठेचाळीसचे. दुसरं कुणी त्यांना बोलावत नव्हतं.

ट्रकचं मॅन्युअल इंग्रजीत, म्हणून बाबांनी मला बरोबर नेलं. यार्डातल्या इतक्या पुरुषांसमोर मोठ्यानं वाचायचं म्हणून मी पुस्तक तोंडासमोरच धरलं.

"अरे मास्टरजी, कारीगर आप हैं कि बिटिया?" शेठजी हसले.

"हात माझे, डोळे तिचे," बाबा म्हणाले. "तू वाच गं. एक स्टेप झाल्याबिगर पुढची सांगू नको."

मिलमधली त्यांची पद्धतच ती. अंदाजानं काही खोलायचं नाही. मी एकेक ओळ वाचायची, माझ्या मोडक्या मराठीत सांगायची, बाबा ते करून "हो" म्हणणार, मग पुढची. टाकीत डिझेल आहे का? बाबांनी झाकण उघडून काठी बुडवली. "हो." फिल्टर चोंदलाय का? काढून बदलला. "हो." पाइपात हवा शिरलीय का? हातपंप मारून सगळे बुडबुडे काढले. "हो." ट्रक सुरू झाला. आम्ही घड्याळ लावून बसलो. बावीस मिनिटांनी इंजिन आचके देत बंद.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच.

चार वाजले. मी यादीतली शेवटची ओळ वाचली… डिझेलचा पंप काढून कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला पाठवा.

"पंप ही भेजना है, तो आपका क्या काम, भिया?" शेठजी म्हणाले. या वेळी हसले नाहीत.

बाबांनी हात पुसले आणि एक हात ट्रकवर टेकवून उभे राहिले. माझे डोळे भरून आले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी मान खाली घातली आणि डावा हात ट्रकच्या चेसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर टेकवला.

तेव्हा ठोके आले. तीन. थोडं थांबून पुन्हा तीन. आवाज म्हणावा असा नव्हता… लोखंडातून हाताला जाणवले. बाबांचाही हात चेसीवर होता. ते एकदम ताठ झाले.

"तू ठोकलं?"

"नाही बाबा."

मी वाकून ट्रकखाली पाहिलं. कुणी नव्हतं. पलीकडे भिंत होती. शेठजी चार हात लांब, बिडी पेटवत होते, बाकीचे त्यांच्याही मागे.

बाबांचा आवाज बदलला होता. "मागचं परत वाच. काहीतरी सुटलंय."

मी पानं उलटी चाळू लागले. एक पान जाड लागलं. ग्रीसनं दोन पानं एकमेकांना चिकटली होती! नखानं सोडवली. आत एक स्टेप होती: इंजिन बंद पडताच टाकीचं झाकण सैल करा, आत हवा ओढल्याचा आवाज येतो का ऐका.

ट्रक पुन्हा चालवला. बंद पडला. बाबांनी टाकीला कान लावून झाकण फिरवलं आणि फुस्स… कान देऊन उभी होते म्हणून ते मलाही ऐकू आलं. झाकणाला हवा जायला एक बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून डिझेल बाहेर येत नव्हतं. आम्ही दर वेळी काठी बुडवायला झाकण उघडायचो, हवा आत जायची आणि ट्रक पुन्हा बावीस मिनिटं चालायचा. यार्डाच्या गोंगाटात फुस्स कुणी ऐकलंच नव्हतं.

बाबांनी तारेनं भोक मोकळं केलं. ट्रक दीड तास चालला, थांबला नाही. शेठजी म्हणाले, "कल नौ बजे आ जाओ, मास्टरजी."

परतताना टेम्पोत बाबांनी सांगितलं. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून जोडीदार मशीनच्या लोखंडावर ठोकून खूण करायचा. तीन ठोके म्हणजे एक स्टेप सुटली, मागे जा. एकोणीस वर्षं बाबांना अशी खूण करणारे जोडीदार नामदेवकाका आदल्या हिवाळ्यात वारले होते.

एवढं सांगून बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा हलका दिसला.

इंजिन थंड होताना लोखंड टकटकतं, हे मला माहीत आहे. पण मोजून तीन, आणि पुन्हा तीन? बरं, तेही योगायोग म्हणून सोडून देते. पण बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, नामदेवकाकांना तर मुळीच येत नव्हतं. त्या यार्डात ते पुस्तक वाचणारी मी एकटीच होते… आणि पान सुटलंय हे मलाही माहीत नव्हतं. मग ठोकणाऱ्याला ते कसं कळलं?