शनिवारचा भोंगा
माइकच्या जाळीला तंबाखूचा आणि लोखंडाचा वास आला की आमची ग्रामपंचायत आठवते. अमळनेर तालुक्यातलं गाव, कापूस वेचणीचे दिवस, पालकसभेला येणार कोण? म्हणून आमच्या बाई दर शनिवारी आठवडाभराचा अभ्यास आणि शाळेच्या बातम्या आम्हा मुलांना पाळीपाळीने पंचायतीच्या भोंग्यावरून वाचायला लावत, शेतातल्या आयांना ऐकू जावं म्हणून. त्या शनिवारी पाळी माझी होती. मी सातवीत होते, आणि सातवी हा शाळेचा शेवटचा वर्ग. पुढे एसटीने अमळनेर, आणि आई मला एवढ्या लांब पाठवणार नव्हती. मी अपूर्णांक वाचले, भिंगाने कागद कसा पेटवला तेही वाचलं, आणि मग बाईंनी हाताने झाकलेली शेवटची ओळ उघडली : जूनपासून आपल्याच शाळेत आठवी सुरू होणार. माझा आवाज चिरकला, भोंगाही किंचाळला, बाई हसतच सुटल्या. मी शिवारापर्यंत धावत गेले, तर कमरेला बांधलेली कापसाची ओटी तशीच सावरत आई समोरून येत होती. धापा टाकत म्हणाली, "आते आठवी आपला गावमाच शे ना? परत सांग बरं." आता मीच शाळेत शिकवते, आणि पालकांपुढे माइक हातात आला की चांगली बातमी दोनदा वाचते.