तांब्याच्या चोरीतला खरा आरोपी

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. हा मात्र कालच घडल्यासारखा आठवतो.

इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका बंद गिरणीत भरदुपारी कोणीतरी चौकीदाराच्या डोक्यात मागून लोखंडी गज घातला आणि यंत्रांच्या विजेच्या मोटारींमधली तांब्याची तार काढून नेली. चौकीदार वाचला, पण हल्लेखोर त्याने पाहिला नव्हता. मोटारी दुरुस्त करणारा एक जुना कामगार आवारात दिसला होता, तेवढ्यावर मी त्याला अटक केली. तो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. सगळेच म्हणतात, असं समजून मी त्याची जेलमध्ये रवानगी केली.

चार महिन्यांनी माझा खबऱ्या आला. "साहेब, असली आदमी दुसराच आहे. आजकाल दर रविवारी चर्चमध्ये बसून रडतो."

नाव ऐकून मला हसू आलं. तोही त्याच गिरणीतला, आमच्या यादीवरचा जुना गुंड. पूर्वी दोन-दोन दिवस चौकशी केली तरी बापाचं नाव सांगायचा नाही. त्याला आणायला शिपाई पाठवला, तर हा सायकलवर त्याच्या आधी ठाण्यात हजर.

"गिरणीतलं काही ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मीच केलं, साहेब. लिहून घ्या."

"कोणाला वाचवतोयस?"

"जो आत बसलाय त्याला."

मग तो बोलत गेला. गिरणी बंद झाल्यावर दारू वाढली. बायको मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिच्या आग्रहाने तो प्रार्थनेला गेला. "पाद्री म्हणाले, येशू तुझ्यासारख्यांसाठीच आला. दारू सुटली, साहेब. पण दुसरा माणूस माझी सजा भोगतोय, हे काही सुटेना."

"मग आधी का नाही आलास?"

"डर लागत होता. तीनदा फाटकापर्यंत येऊन परत गेलो."

मला अजून खात्री नव्हती. त्याने शहराबाहेर, राऊ गावच्या रस्त्यालगतचा एक पडका गोठा दाखवला. पंचांसमक्ष तिथून गज आणि उरलेली तार निघाली. मॅजिस्ट्रेटांनी त्याला बजावलं, की हा जबाब तुझ्याच विरुद्ध जाईल, आणि विचार करायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी त्याने तोच जबाब दिला. बाहेर त्याची बायको उभी होती. म्हणाली, "मी वाट पाहीन, साहेब. लग्न झाल्यापासून हा पहिल्यांदा खरं बोललाय."

आधीची अटक चुकीची होती, हे मी केस डायरीत स्वतःच्या हाताने लिहिलं. वरिष्ठ नाराज झाले. निरपराध कामगार त्याच आठवड्यात सुटला.

काही वर्षांनी मल्हारगंजच्या एका गल्लीत विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात ते दोघं शेजारी-शेजारी काम करताना दिसले. दुकान त्या सुटलेल्या कामगाराचं.

"भिया, याला कामावर ठेवलंस?" मी दुकानदाराला इंदुरी थाटात विचारलं.

"जेलमधून सुटल्यावर हा माफी मागायला आला, साहेब. मी दार लावून घेतलं. मग दर रविवारी चर्चमधून थेट माझ्या दारात. सहा महिने. शेवटी म्हटलं, ये बाबा आत." तो हसला. "आता दुकान हाच उघडतो."

मी ख्रिस्ती नाही. घरी रोज देवपूजा होते. पण भीतीपोटी कबुली देणारी माणसं कोर्टाची पायरी चढताच जबाब फिरवतात, हे मी आयुष्यभर पाहिलं. हा फिरला नाही. ज्या श्रद्धेने त्याला ठाण्यात आणलं, तिनेच त्याला जेलमध्ये आणि त्या बंद दारासमोर उभं ठेवलं. त्याला मी पकडलं, अशी सरकारी नोंद आहे. खरं तर तो आपल्या पायांनी आला, म्हणून एक निरपराध माणूस सुटला. आणि त्याच्याबरोबर मीही.